गुणपत्रकाचे मूळ हजेरीपटात

अहिल्यानगर, म्हणजे जुना अहमदनगर जिल्हा, हा सहकारी साखर कारखानदारीचा आद्य जिल्हा होय. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणी येथे उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्याने १९५० साली पहिले गाळप सुरू केले, आणि भंडारदऱ्याच्या पाण्यावर वाढणाऱ्या उसाने प्रवराकाठचे रूप पालटून टाकले. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेस पाथर्डी, शेवगाव, जामखेड हे अवर्षणाने गांजलेले तालुके आहेत. दसरा सरला की तेथील वाड्यावस्त्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघू लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवराबायकोची जोडी, म्हणजे कारखान्याच्या हिशेबातील एक ‘कोयता’, घरदार मागे टाकून फडाची वाट धरते; आणि त्या जोडीमागे लेकरे निघतात. एकाच जिल्ह्यात ऊसही आहे आणि ऊस तोडणारेही आहेत. एकाच जिल्हा परिषदेच्या शाळा दोन्हीकडे आहेत. परंतु परीक्षेचा निकाल लागतो तेव्हा एका बाजूच्या मुलाला ‘हुशार’ आणि दुसऱ्या बाजूच्या मुलाला ‘अप्रगत’ असा शिक्का मिळतो. हा शिक्का नेमका कशावर मारला जातो, याचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम साधे गणित मांडावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास ठरवून दिले आहेत. महाराष्ट्रात शाळा जूनमध्ये उघडते. ऊसतोडीचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे तोडणी कामगाराच्या मुलाच्या वाट्याला आठशेपैकी फार तर चारशे तास येतात. पहिलीत अक्षरओळख पुरती होण्याआधीच ते मूल निघून जाते. परत येते तेव्हा वर्ग वाचू लागलेला असतो. दुसरीत हेच, तिसरीत हेच. चौथीत पोहोचलेल्या त्या मुलाने प्रत्यक्षात जेमतेम दोन वर्षांची शाळा पाहिलेली असते. त्याच्याकडून चार वर्षांच्या अभ्यासाची अपेक्षा करावयाची आणि ती पुरी झाली नाही की दोष त्याच्या बुद्धीला, त्याच्या जातीला किंवा त्याच्या आईबापाच्या ‘अनास्थेला’ द्यावयाचा, ही प्रस्थापितांची जुनी रीत आहे. ज्याला निकाल म्हणतात तो पुष्कळदा हजेरीपटाचाच गोषवारा असतो.

हा प्रश्न आजचा नाही, आणि या जिल्ह्याला तर तो मुळीच नवा नाही. अमेरिकन मराठी मिशनच्या मिस सिंथिया फॅरार यांनी नगरला मुलींसाठी चालविलेली शाळा जोतीराव फुल्यांनी १८४८ साली पाहिली, आणि त्याच वर्षी पुण्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. फॅरारबाईंच्या शाळेत मुलींना मिळणारे शिक्षण जोतीरावांना मोलाचे वाटले. इमारत, ग्रंथालय, मोठा निधी यांपैकी काहीही त्यांच्या हाती नव्हते. हाती होती ती एक गोष्ट: शिकविण्याची तयारी असलेले माणूस आणि त्याच्यासमोर रोज येऊन बसणारे मूल यांची गाठ घालून देण्याची चिकाटी. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना त्यांनी सरकारला विचारलेला प्रश्न आजही तितकाच धारदार आहे. सरकारी तिजोरी रयतेच्या श्रमातून भरते आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो, हे त्यांनी स्पष्ट शब्दांत मांडले आणि निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. ती मागणी मूलभूत हक्काच्या कायद्याच्या रूपाने अमलात यावयास १ एप्रिल २०१० हा दिवस उजाडावा लागला.

दरम्यानच्या काळात कर्मवीर भाऊराव पाटलांनी तुटपुंज्या साधनांत काय होऊ शकते हे दाखवून दिले. १९१९ साली काले येथे स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेचे जाळे पुढे नगर जिल्ह्यातही दूरवर पसरले. भाऊरावांनी ओळखलेले मर्म असे की, गरिबाच्या मुलाला शाळेआधी वसतिगृह लागते. घरी दिवा नाही, जेवणाची शाश्वती नाही, सुगीच्या दिवसांत शेतावर हात हवा आहे, अशा मुलाला केवळ वर्गाचे दार उघडून उपयोग नसतो. म्हणून त्यांनी साताऱ्यास १९२४ साली सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह उभे केले आणि पुढे ‘कमवा आणि शिका’ योजनेने मुलाच्या श्रमालाच त्याच्या शिक्षणाचे भांडवल बनविले. वसतिगृह हा त्यांच्या दृष्टीने दयेचा प्रकार नव्हता. ते शिक्षणाचे मूलभूत साधन होते. ऊसतोडीच्या मुलांच्या बाबतीत नेमका हाच धडा शासनाला फार उशिरा आणि अर्धवट उमगला.

या मुलांसाठी आजवर मुख्यतः दोन उपाय झाले. पहिला साखरशाळेचा. कारखान्याच्या परिसरात, कोप्यांच्या शेजारी, हंगामापुरती शाळा चालवावयाची. शिक्षण मुलाच्या मागे जाईल, ही कल्पना चांगली. परंतु तिच्या मर्यादा लवकरच उघड झाल्या. अनेक गावांची, अनेक इयत्तांची मुले एका खोपटात; शिक्षक हंगामी; गाडी भरण्यासाठी आईबाप पहाटे अंधारात उठून गेले की मोठी मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी कोपीतच अडकलेली; आणि टोळीने फड बदलला की वर्गच हललेला. पुढे शिक्षण हक्क कायद्यानंतर अशा मुलांना जवळच्या नियमित शाळेत दाखल करून घ्यावे असे धोरण आले. पण हंगामाच्या मध्यावर दाखल झालेले अनोळखी मूल तेथे मागच्या बाकावर बसते आणि हंगाम संपताच पटावरून पुन्हा नाहीसे होते.

दुसरा उपाय हंगामी वसतिगृहाचा. आईबाप तोडीला जातील, मूल गावातच राहील. दिवसा शाळा, सकाळ-संध्याकाळ जेवण, रात्री आजी-आजोबांचे घर किंवा शाळेतील निवारा. ही व्यवस्था भाऊरावांच्या मार्गाने जाणारी आहे आणि साखरशाळेहून निःसंशय उजवी आहे, कारण तिच्यात मुलाचा वर्ग, शिक्षक आणि सोबती तुटत नाहीत. मात्र तिचा सगळा जीव वेळेत आहे. टोळ्या दसऱ्यानंतर निघतात. वसतिगृहाची मंजुरी डिसेंबरात आली, तर तोवर मूल फडावर पोहोचलेले असते, आणि मग पटावरील नावे व प्रत्यक्षातील मुले यांचा मेळ बसत नाही. २०२१ साली राज्य शासनाने संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना जाहीर केली. पाथर्डी आणि जामखेड यांचा तिच्यात समावेश आहे. घोषणेचे स्वागतच केले पाहिजे. परंतु तिची परीक्षा एकाच प्रश्नावर होईल: टोळी निघण्याच्या दिवशी वसतिगृहाची चूल पेटलेली होती काय?

येथवर मुलाच्या हजेरीचा विचार झाला. आता शाळेच्या हजेरीचा. शाळाच जागेवर नसेल किंवा धोक्याची असेल, तर मुलाने यावे कोठे? २८ ऑगस्ट २०१७ रोजी नगरजवळच्या निंबोडी येथे जिल्हा परिषद शाळेच्या वर्गखोलीचे छत कोसळले आणि तीन विद्यार्थी मृत्युमुखी पडले. शिकावयास बसलेली मुले होती ती. मोडकळीस आलेल्या खोल्यांचा हिशेब कागदावर मागितला जातो, कागदावर दिला जातो आणि पावसाळा मात्र कागदाची वाट पाहत नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस, पटसंख्या दहाहून कमी आणि गुणवत्ता कमी असे कारण देऊन राज्यातील १,३१४ शाळांचे जवळच्या शाळांत समायोजन करण्याचा निर्णय शासनाने जाहीर केला. कायदा प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असे सांगतो. अकोले तालुक्यातील डोंगरवाडीवर राहणाऱ्या सहा वर्षांच्या आदिवासी मुलीला पावसाळ्यात ओढा ओलांडून पलीकडच्या शाळेत जाणे म्हणजे काय, हे नकाशावर अंतर मोजणाऱ्याला समजत नाही. ‘गुणवत्ता’ हा शब्द येथे गरिबाच्या विरोधात वापरला गेला, हे ध्यानात घेतले पाहिजे. शाळेला साधने द्यावयाची नाहीत, साधने नाहीत म्हणून निकाल खालावला की त्याच निकालावर बोट ठेवून शाळाच बंद करावयाची, असा हा उफराटा न्याय आहे.

तथापि, साधनांच्या अभावाकडे बोट दाखवून वर्गाच्या आत काय चालते याची चौकशी टाळणे हेही प्रामाणिकपणाचे नव्हे. वस्तुस्थिती अशी आहे की, शाळेत नियमित येणाऱ्या मुलांपैकीही पुष्कळांना वाचता येत नाही. ‘असर’ या देशव्यापी ग्रामीण पाहणीनुसार २०२२ साली तिसरीतील सुमारे २० टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. २०२४ साली हे प्रमाण सुमारे २७ टक्के होते. करोनाच्या टाळेबंदीने झालेली हानी भरून निघाली असे म्हटले, तरी चारातील तीन मुले मागेच आहेत. कारण उघड आहे. पाठ्यपुस्तक वर्षाच्या वेगाने पुढे सरकते, शिक्षकाला अभ्यासक्रम ‘पुरा’ करावयाचा असतो, आणि ज्याचा एक दुवा निसटला ते मूल पुढचे काहीच पकडू शकत नाही.

यावर महागडे यंत्र हा उपाय नाही. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोदा येथील महापालिका शाळांत एक प्रयोग झाला. वस्तीतीलच शिकलेल्या तरुणी ‘बालसखी’ म्हणून नेमल्या गेल्या. मागे पडलेल्या मुलांचा गट करून त्यांनी रोज सुमारे दोन तास त्यांना वाचन आणि अंकगणिताच्या पायापासून शिकविले. पुढे नोबेल पारितोषिक मिळविणारे अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांनी सहकाऱ्यांसह त्याची काटेकोर तपासणी केली. मुलांच्या गुणांत निश्चित वाढ झाली आणि सर्वाधिक लाभ सर्वांत मागे असलेल्या मुलांना झाला, असे आढळून आले. तत्त्व एवढेच की, मुलाला इयत्तेच्या नव्हे तर त्याच्या स्वतःच्या पायरीवरून शिकवावे. अक्षर न येणाऱ्यांचा एक गट, शब्द वाचणाऱ्यांचा दुसरा, परिच्छेद वाचणाऱ्यांचा तिसरा. मग त्यांत दुसरीचे मूल असो वा पाचवीचे. दोनशिक्षकी शाळेत, जेथे अनेक इयत्ता एकत्र बसतात, तेथे तर ही पद्धत अधिकच सोयीची ठरते. तिला लागतो तो खडू, गोष्टींची छोटी पुस्तके आणि शिक्षकाचा अखंड वेळ.

आणि हा अखंड वेळच शिक्षकाकडून काढून घेतला गेला आहे. दशवार्षिक जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकाला अशैक्षणिक कामाला जुंपू नये, असे कायद्याचे २७ वे कलम सांगते. प्रत्यक्षात निरनिराळी माहिती भरणे, छायाचित्रे पाठविणे, पोषण आहाराचा हिशेब ठेवणे, अभियानांचे अहवाल लिहिणे यांत त्याचा दिवस सरतो. दोनच शिक्षक असलेल्या शाळेतील एक गुरुजी बैठकीला गेले, की त्या दिवशी शाळेची निम्मी हजेरी बुडाली असे समजावे. वर्गातील मुले हजर, पण शिक्षक कागदांत गैरहजर, हाही गळतीचाच एक प्रकार आहे.

२०१९ साली कायद्यात दुरुस्ती होऊन पाचवी आणि आठवीत मुलांना नापास करण्याची मुभा राज्यांना मिळाली. नापासाच्या धाकाने मूल शिकेल, असा त्यामागचा समज. याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धीचा अनुभव मात्र वेगळे सांगतो. १९७१ साली बाराशेच्या आसपास वस्तीच्या या गावात साक्षर स्त्रिया होत्या अवघ्या ७२. मुले पुढच्या शिक्षणासाठी पारनेर-शिरूरला जात. मुलींचे शिक्षण प्राथमिक शाळेपाशी संपे. १९७९ साली गावाने शिक्षण मंडळ स्थापून माध्यमिक शाळा काढली, श्रमदानाने इमारत उभी केली, गरीब मुलांसाठी वसतिगृह बांधले, आणि १९८२ साली गावातील पहिली मुलगी शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाली. पुढे ही शाळा इतरत्र नापास झालेल्या मुलांना आवर्जून प्रवेश देणारी शाळा म्हणून ओळखली जाऊ लागली. इतर शाळा निकाल राखण्यासाठी ज्यांना दाराबाहेर ठेवतात, त्यांना आत घेणे हेच तेथे शाळेचे काम ठरले. अण्णा हजारे यांच्या राजकारणाविषयी मतभेद असू शकतात. या कामाविषयी असण्याचे कारण नाही.

दुसरे उदाहरण नगर तालुक्यातील हिवरे बाजारचे. १९८९ नंतर पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली तेथील ग्रामसभेने पाणलोटाची कामे केली, पाण्याचा ताळेबंद मांडला आणि उसासारख्या पाणी पिणाऱ्या पिकाला नकार दिला. विहिरींना पाणी आले, तसा कामाच्या शोधात बाहेर पडणाऱ्यांचा ओघ थांबला आणि गेलेली कुटुंबे परत आली. साखरेच्या जिल्ह्यात उसाला नकार देऊन एका गावाने आपली माणसे घरी राखली, यातील अर्थ शिक्षणाच्या दृष्टीने मोठा आहे. आईबाप गावात राहिले की मूल शाळेत राहते. १९७२ च्या दुष्काळातून उभी राहिलेली आणि १९७९ पासून कायद्याने अमलात आलेली महाराष्ट्राची रोजगार हमी योजना याच अर्थाने शिक्षणाचीही योजना होती. पाथर्डीत हिवाळ्यात पुरेसे काम आणि वेळेवर मजुरी मिळाली, तर कित्येक कोयते फडावर जाणारच नाहीत. आणि एकाही नव्या शिक्षणयोजनेवाचून शाळेचा निकाल सुधारेल.

अर्थात, गावाने सारे करावे आणि शासनाने टाळ्या वाजवाव्यात, असा निष्कर्ष या उदाहरणांतून कोणी काढू नये. राळेगणच्या इमारतीला श्रमदान लागले तसे सरकारी अनुदानही लागले. कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत असे सुचविले. ते उद्दिष्ट आजवर गाठले गेलेले नाही. ही मागणी सोडून देण्याचे कारण नाही. परंतु ती मान्य होईपर्यंत आज पहिलीत असलेले मूल थांबू शकत नाही.

येथे चळवळीने आत्मपरीक्षणही केले पाहिजे. डाव्या आणि समाजवादी कार्यकर्त्यांनी शिक्षकांच्या पगारासाठी, फी-वाढीविरुद्ध, शाळा बंद करण्याविरुद्ध लढे दिले. ते योग्यच होते. ऊसतोड कामगारांच्या मजुरीच्या दरासाठी संप झाले. तेही आवश्यक होते. पण त्या संपांच्या मागण्यांत मुलाच्या शाळेचे कलम कितीदा होते? आपल्या गावच्या शाळेतील तिसरीच्या मुलांना वाचता येते काय, हे शाळेत बसून किती कार्यकर्त्यांनी पाहिले? श्रमजीवींचे मूल निरक्षर राहिले, तर उद्या मुकादमाच्या वहीतील आकडा त्याला वाचता येणार नाही आणि उचलीचे जू त्याच्याही मानेवर बसेल. अंगठ्याच्या बळावरच ही व्यवस्था उभी आहे. म्हणून वाचनाचा प्रश्न हा मजुरीच्या प्रश्नाहून वेगळा नाही.

क्यूबाने १९६१ साली एका वर्षात निरक्षरतेवर मोहीम काढली, तेव्हा एक लाखांहून अधिक विद्यार्थी-स्वयंसेवक कंदील आणि पुस्तक घेऊन खेड्यांत गेले. त्या देशाजवळ पैसा नव्हता, संघटना होती. नगर जिल्ह्यातील पक्षाच्या आणि मित्रसंघटनांच्या शाखांना एवढी मोठी झेप घेता येणार नाही. पण पुढील कामे कोणत्याही शाखेच्या आवाक्यातील आहेत.

पहिले काम मोजणीचे. सप्टेंबरमध्येच वाडीवाडीवर जाऊन तोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांची यादी करावी आणि ती शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावासह गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावी, म्हणजे वसतिगृहाची मंजुरी टोळीच्या आधी येईल. दुसरे काम या समितीचे. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे कायदा सांगतो. ही समिती कागदावरून उठवून खरी करावी. मोडक्या खोलीत वर्ग भरू न देण्याचा ठराव तिने पावसाळ्यापूर्वी करावा. तिसरे काम वाचनाचे. गावातील शिकलेल्या मुलामुलींनी शिक्षकांच्या संमतीने आणि मार्गदर्शनाखाली रोज संध्याकाळी एक तास मागे पडलेल्या मुलांसोबत बसावे. शिक्षकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून हे काम होणार नाही. त्याला सोबती मानूनच होईल. चौथे काम संघटनेचे. ऊसतोड कामगारांच्या करारात दर आणि विम्याबरोबर मुलांच्या वसतिगृहाची जबाबदारी कारखान्यांवर टाकणारे कलम असलेच पाहिजे. ज्या साखरेत या मुलांचे बुडालेले तास विरघळले आहेत, तिच्या उत्पन्नातून त्यांची भरपाई मागणे ही भीक नव्हे.

साथींनो, शाळेचा निकाल मे महिन्यात लागतो असे समजले जाते. पाथर्डीच्या वाडीवरील मुलाचा निकाल दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, टोळीची गाडी सुटते त्या सकाळी लागतो. त्या सकाळी ते मूल गाडीत होते की वर्गात, एवढे पाहण्यासाठी कोणी कार्यकर्ता तेथे उभा होता काय, हाच यंदाचा खरा प्रश्न आहे.